दोघी लागतात

"अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तुम्ही काय काळजी घ्याल?" आप्पांनी चष्मा सावरत वाचलं आणि पुस्तक छातीवर उपडं ठेवलं. "सांग."

अर्पिता दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने हात पाठीमागे घेतले आणि समोरच्या भिंतीकडे बघत सांगायला सुरुवात केली.

"दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलू. चादरीला सुरकुती पडू देणार नाही. कातडी कोरडी ठेवू. टाचा, कोपरं, खांदे, माकडहाड, जिथं हाड टेकतं तिथली कातडी रोज उजेडात तपासू. लाली दिसली तर त्या जागेवर भार येऊ देणार नाही आणि ताबडतोब वरिष्ठांना कळवू."

"ताबडतोब गिळून टाकलंस."

"काय?"

"त्यो शब्द. जल्दी बोललीस, तोंडातच राह्यला. परत म्हण."

तिने परत म्हटलं.

"हां, आता बराबर." आप्पांनी पान उलटलं. वरचा पंखा कुरकुरत फिरत होता. चादरीखाली आप्पांचे पाय सकाळी अर्पिताच्या वडिलांनी, बदरीनाथने, ठेवले होते तसेच होते, एक सरळ आणि एक जरा बाहेर वळलेला. पुढचा प्रश्न रक्त चढवण्याचा होता. तोही तिला पाठ होता.

दिवाळी होऊन गेली तरी आभाळ मोकळं झालं नव्हतं. वडीगोद्रीच्या अलीकडच्या त्या वस्तीवर सगळ्यांचा कापूस एकदमच फुटला होता आणि वेचायला माणूस मिळत नव्हतं. एक सर आली तरी झाडावरचा कापूस काळा पडणार, म्हणून ज्याला हात आहेत तो उजाडताच शेतात जात होता. वेचलेला कापूस ठेवायला घराशिवाय जागा नव्हती. बदरीनाथच्या मधल्या घरात तो आढ्यापर्यंत गेला होता. स्वयंपाकघरात गॅसपुरती जागा उरली होती. रात्री माणसं कापसावरच गोधडी टाकून झोपत आणि सकाळी अंग खाजवत उठत. कापूस नसलेली खोली एकच, आप्पांची. म्हणून घरातला आरसा त्या खोलीत आला, पत्र्याची पेटी आली, आणि मुलाखतीसाठी वडीगोद्रीहून इस्त्री करून आणलेला अर्पिताचा पांढरा ड्रेसही तिथेच, आप्पांच्या पायथ्याच्या खुंटीला लटकत होता.

अर्पिताला वेचणीतून सूट होती. तिला दोन कामं नेमून दिली होती. एक, शुक्रवारच्या मुलाखतीचा अभ्यास. दुसरं, आप्पांना बघणं.

पहिलं ती करत होती.

अप्पाराव हे बदरीनाथचे थोरले भाऊ. बायको लवकर गेली, मूल नव्हतं, दुसरं लग्न केलं नाही. मागच्या माघात कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून ते पाठीवर पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. हात शाबूत, डोकं शाबूत, वाचा शाबूत. पायात सुई टोचली तरी कळायचं नाही. लघवीला नळी, बाकीचं अंथरुणात. सुरुवातीचे महिने बदरीनाथ आणि शेजारचा एक गडी मिळून त्यांना दिवसातून चार-पाच वेळा कुशीवर वळवत. गौरीच्या सणाला अर्पिता नर्सिंगचा कोर्स पुरा करून घरी आली तसा तो गडी यायचा थांबला. बोलावलं तेव्हा म्हणाला, "आता घरातच सिस्टर आल्यावर माझं काय काम?"

त्याच्या म्हणण्यात चूक नव्हती. सगळ्या वस्तीला तसंच वाटत होतं.

सगुणाबाईचा, अर्पिताच्या आईचा, प्रश्नच येत नव्हता. ती धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून थोरल्या दिरासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता आणि त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि बांगड्या वाजवायच्या, एवढंच. ते पडले त्या दिवशीही ती दवाखान्याच्या आवारात बाहेर बसून होती. त्यांच्या अंगाला हात लावणं तिच्या कल्पनेतही बसत नव्हतं. बदरीनाथ पहाटे अंधारात खालचं कापड बदलायचा. तेही तोंड दुसरीकडे वळवून. थोरल्या भावाचं उघडं अंग डोळे भरून बघायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तो समोरून पुसायचा, कापड ओढून काढायचा, नवं सारायचा आणि बादली घेऊन बाहेर पडायचा. दसऱ्याच्या आधी एकदा तो अर्पिताला म्हणाला होता, "दादाच्या माकडहाडापाशी हाताला वलसर लागून राह्यलं. बघून घे बरं तू."

"बघते," अर्पिता म्हणाली होती.

त्या दुपारी तिने दार लोटलं. आप्पांच्या खांद्याखाली हात घातला, दुसरा हात कमरेकडे नेला. धोतर सरकलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले. याच आप्पांनी सहा वर्षांची असताना तिला खांद्यावर बसवून कालव्याच्या कडेने शाळेत नेलं होतं. कॉलेजात तिने बायकांच्या वॉर्डात काम केलं होतं. पुरुषांच्या वॉर्डात मुली मागे उभ्या राहायच्या आणि पुरुष नर्स, म्हणजे ब्रदर, पुढे होऊन करायचे.

"राहू दे, बाई," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "बदरी येईल."

तिने हात काढून घेतला. सुटल्यासारखं वाटलं, दोघांनाही. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव कोणी काढलं नाही. आप्पा म्हणाले, "ते पुस्तक आण तुझं. मी इचारतो, तू सांग." आणि त्या दिवसापासून त्या खोलीत मुलाखतीचा अभ्यास सुरू झाला.

संध्याकाळी सगुणाबाई शेतातून आली. ओट्यावर बसून तिने हात पाण्यात बुडवले. वाळलेल्या बोंडांची टोकं लागून नखांच्या कडा सोलल्या होत्या, पाण्यात गेल्यावर चिरांतून लालसर रेघा निघाल्या. तिने हात वर काढून फुंकर घातली.

"वळवलं का त्यांना?"

"हो."

"किती येळा?"

"दुपारी दोनदा. मघाशी एकदा."

"बरं केलंस. मी येऊन बघू शकत न्हाई, म्हणून इचारती." सगुणाबाईने ओले हात पदराला पुसले. "तुझ्या नर्सिंगच्या वक्ताला किती बोलले लोक. तुझा मोठा मामा म्हणला, लोकांचं हागणं-मुतणं काढायला पोरगी धाडता काय. भर पंगतीत म्हणला. तुझे आप्पा उठले, म्हणले, काढील. काढणाराला कमी समजू नका. मी पडद्याआडून ऐकलं. तवापासून मामानं तोंड उघडलं न्हाई."

अर्पिता तांदूळ निवडत होती. निवडलेलेच तांदूळ तिने परत निवडले.

बुधवारी बेबीनंदा चहाला आली. शेजारची, जिभेने तिखट, वेचणीत दोघींच्या वाट्याचं बोलणारी. कापसाच्या ढिगाला टेकून बसली आणि नाक उडवलं.

"वैनी, तुमच्या कापसात उंदीर मेला वो."

"कुठं?" सगुणाबाई म्हणाली.

"मला काय माहीत कुठं. वास येऊन राह्यला न्हाई का तुमाला? का कापसात झोपून झोपून नाक बुजलं?"

सगुणाबाईने श्वास घेतला. "येतो खरा. मला वाटलं गटारीचा."

बदरीनाथ आल्यावर ढीग उकरायचं ठरलं. कापूस एका अंगाने ओढून दुसऱ्या अंगाला टाकायचा, खाली बघायचं, परत टाकायचा. घरभर तंतू उडाले. बदरीनाथच्या मिशीत, भुवयांत कापूस बसला. अर्पिताही ओढू लागली. तिने दोन्ही हातांनी कवटाळून कापूस उचलला आणि तोंड त्यात खुपसलं. कापसाला सरकीचा तेलकट वास होता. दुसरा वास कापसातून येत नव्हता. तो कुठून येतो ते तिला माहीत होतं. तिने परत कवेत कापूस घेतला.

धान्याच्या कोठीमागे, अगदी तळाला, उंदीर सापडला. पातळ, चपटा, वाळून चामड्यासारखा झालेला. कधी मेला होता कोण जाणे. बदरीनाथने त्याला शेपटीने धरून उजेडात नेलं.

"ह्योच," तो म्हणाला.

"ह्योच," सगुणाबाई म्हणाली.

"एवढुसा जीव आन् एवढा वास," बेबीनंदा म्हणाली. "आमच्या मालकावानीच की. अंगानं काडी, आन् घोरायला लागले का पत्रे हालतेत."

सगळे हसले. बदरीनाथ तर खोकला येईपर्यंत हसला. त्या उंदराला कसलाच वास नव्हता. तो इतका वाळला होता की हातात कागदासारखा वाजला असता. पण कोणी त्याला नाकाशी नेलं नाही.

आतून आप्पांचा आवाज आला. "सापडला का रं, बदरी?"

"सापडला, दादा."

आप्पा म्हणाले, "बरं झालं."

अर्पिता कापूस झटकत उभी होती. आप्पांची खोली तीच, अंथरूण तेच, आणि त्यांचं नाक काही गेलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने खुंटीवरचा ड्रेस काढला. बाहीला नाक लावलं आणि लगेच बाजूला केलं. मग पावडरचा डबा उघडून गळ्यापाशी, काखेत, ओढणीवर पावडर ओतली. आप्पा बघत होते.

"लई झाली," ते म्हणाले. "घामानं गोळे होतील."

"होऊ द्या."

"एक डाव शेवटचं इचारू का?"

"नको आप्पा. बस जाईल."

"जा मंग." त्यांनी हात वर केला. ती पाया पडायला वाकली, पण पलंगाच्या पायथ्याशी. त्यांच्या पावलांना तिने बोटं लावली. त्यांना ते कळलं नाही. बघून कळलं तेवढंच.

बसमध्ये अंबडपर्यंत तिच्याशेजारी एक म्हातारी होती. ती आधी पदर नाकाला लावून बसली, मग दुसरी जागा रिकामी झाल्यावर उठून तिकडे गेली. अर्पिता खिडकीकडे सरकली आणि काच पूर्ण उघडली. जालना येईपर्यंत वारा अंगावर घेत बसली.

हॉस्पिटल चार मजली होतं. मुलाखतीला आलेल्या मुली जिन्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. अर्पिता उभीच राहिली, दाराजवळ, जिथे वारा होता. नाव पुकारलं तेव्हा तिने ओढणी परत सारखी केली.

आत टेबलामागे डॉक्टर होते, पन्नाशीचे, घाईत असल्यासारखे. त्यांच्या बाजूला पांढऱ्या ड्रेसवर पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेल्या एक बाई. दारावरच्या पाटीवर नाव होतं, मैमूना सिस्टर, मेट्रन. त्या मूळच्या अंबडच्या, आणि कडक, असं बाहेरच्या मुली म्हणत होत्या.

डॉक्टरांनी गाव विचारलं, कॉलेज विचारलं. रक्त चढवण्याचा प्रश्न आला, तिने सांगितलं. मग ते म्हणाले, "पेशंट महिनाभर बेडवर आहे. बेडसोअर होऊ नये म्हणून काय कराल?"

अर्पिताने हात पाठीमागे घेतले. कूस, सुरकुती, कोरडी कातडी, माकडहाड, उजेड. 'ताबडतोब' तिने पूर्ण, स्वच्छ म्हटलं.

"छान. प्रत्यक्ष केलंय कधी? की पुस्तकातलं?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. "केलंय, सर. घरी आमचे काका आहेत, कमरेखाली लुळे. त्यांचं सगळं मीच करते."

"अरे वा. बघा सिस्टर, घरूनच अनुभव घेऊन आली." डॉक्टरांनी फाइल मिटली.

मैमूना सिस्टर उठल्या, फाइल द्यायला टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आल्या. फाइल पुढे केली, पण सोडली नाही. अर्पिताच्या खांद्याशी त्या क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "हात बघू तुझे."

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीशेजारच्या कॉटवर एक म्हातारा होता. रामप्रसाद नाव, खुब्याचं हाड मोडलेलं. मैमूना सिस्टर कॉटच्या एका बाजूला गेल्या, अर्पिताला दुसऱ्या बाजूला उभं केलं.

"एकटीनं कधी वळवायचं न्हाई. कातडी घासती. दोघी लागतात. तू सांग, मी करते."

अर्पिताने सांगितलं. बाबा, हात छातीवर घ्या. घाबरू नका. पायांमध्ये उशी धरली, चादर मुठीत घेतली, तीन म्हटलं आणि दोघींनी म्हाताऱ्याला अलगद कुशीवर घेतलं. त्याचा गाउन पाठीवर उघडा होता. तिने वाकून पाठ बघितली, खांदे बघितले, माकडहाड बघितलं, बोटाने दाबून लाली जाते का बघितलं. म्हातारा म्हणाला, "पोरी, तुझा हात गार हाय, बरं वाटतं." तिला जराही लाज वाटली नाही. वाटली नाही हे लक्षात आलं, तेव्हा तिचे कान तापले.

"बराबर," मैमूना सिस्टर म्हणाल्या. हात धुवून त्यांनी तिला चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"काकाला जखम कुठं आहे?"

अर्पिताने मान वर केली.

"बेटा, तीस साल झाले मला हे काम करून. पावडरनं मुलाखत घेणारा डॉक्टर फसतो. हा वास मला कपड्यावरचा पण कळतो. ड्रेस त्याच खोलीत लटकून होता ना?"

"हो."

"जखम कुठं?"

"माकडहाडावर असंल."

"असंल?"

खोलीत धुतलेल्या चादरींचा वास होता. अर्पिता त्या चादरींच्या घड्यांकडे बघत राहिली. घड्या एकाखाली एक, कडा जुळवून लावलेल्या.

"मी बघितलीच न्हाई," ती म्हणाली. मुलाखतीची भाषा तिच्या तोंडातून गेली होती. "मला त्यांच्या अंगाला हात लावायला लाज वाटती. त्यांना बी वाटती. घरचे समजून राह्यले मीच करते म्हणून."

मैमूना सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून हातमोज्यांची दोन पाकिटं काढली आणि गॉजचा एक गठ्ठा.

"घरी जा. उजेड आहे तवर बघ. केवढी आहे, किती खोल, कड कशी, रंग काय. बघून मला फोन लाव. तुझा इंटरव्यू झाला न्हाई अजून." दुसरं पाकीट त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. "हे दुसरीसाठी."

वडीगोद्रीला उतरून ती घरी गेली नाही. तशीच शेताकडे वळली. पांढऱ्या सलवारीला चिखल लागला, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांनी ओढणी ओढली. आभाळ भरून आलं होतं आणि बायका पाठ वर न करता वेचत होत्या. कमरेला बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. बेबीनंदाने पहिल्यांदा बघितलं.

"वैनी, सिस्टर आली तुमची. पेढे कुठंत वो, सिस्टर?"

सगुणाबाई ताठ झाली, कमरेवर हात ठेवून. चेहऱ्यावर आधीच हसू. "लागलं?"

"माय, घरी चल."

"का? काय झालं?"

"आप्पाला वळवायचं. एकटीनं होत न्हाई. दोघी लागतात."

सगुणाबाईला कळलं नाही. "तू रोज वळवती की."

बेबीनंदाचे हात थांबले. पलीकडच्या ओळीतल्या दोघीही बघू लागल्या.

"न्हाई वळवलं," अर्पिता म्हणाली. "गौरीपासून एकदाबी न्हाई. वास उंदराचा नव्हता."

कापसाच्या झाडांत एक चिमणी फडफडली. सगुणाबाईने ओटीची गाठ सोडली, कापूस गोणीत ओतला, ओटीचा कपडा झटकून घडी घातली. त्या सगळ्याला तिने भरपूर वेळ घेतला. मग ती लेकीच्या पुढे चालू लागली. वाटेत ती एवढंच बोलली. "मी रोज इचारत होते."

"हो."

"रोज."

बदरीनाथ रिकाम्या गोण्यांचा बारदाना आणायला गेला होता. घरी आप्पा एकटेच होते. अर्पिताला बघून त्यांनी चष्मा शोधला.

"आलीस? काय इचारलं?"

"तुमचाच प्रश्न आला. पाठीचा."

"मंग?"

"बराबर सांगितलं."

"ताबडतोब?"

"ते बी बराबर म्हणलं." तिने खिडकीची दोन्ही दारं उघडली. बाहेरचा उरलासुरला उजेड आत आला. "आप्पा, मला पाठ बघायची तुमची."

आप्पांचा हात चादरीच्या कडेवर गेला. "बदरीला येऊ दे."

"बाबा अंधारात बघतात. मला आत्ता बघायची."

"एकटीला झेपायचं न्हाई तुला."

दारात बांगड्या वाजल्या. ताट ठेवताना वाजत तशाच. मग सगुणाबाईने उंबरा ओलांडला. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, तोंड भिंतीकडे, पाय अंदाजाने टाकत. आप्पांनी तिला आत येताना बघितलं आणि डोळे घट्ट मिटले. त्या खोलीत ती कधी आली नव्हती. पलंग कुठे आहे तेही तिला लेकीने हाताला धरून दाखवलं.

अर्पिताने मोजे घातले. दुसरी जोडी आईपुढे धरली. सगुणाबाईने बोटं घालायचा प्रयत्न केला, पण नखांशी सोललेल्या कातडीला रबर अडकलं आणि फाटलं.

"राहू दे," ती पदराआडून म्हणाली, आणि उघडे हात पुढे केले. अर्पिताने त्यातला एक आप्पांच्या खांद्यावर ठेवला, एक गुडघ्यावर.

"मी तीन म्हणलं की तुझ्याकडं ओढ. हळू."

ते तिच्याकडे वळले. आप्पांचं तोंड सगुणाबाईच्या पोटाशी आलं, पदराच्या काठाला लागलं. तिने श्वास रोखून धरला. अर्पिताने मागून धोतर सोडलं, चिकटलेलं कापड पाण्याने भिजवून सोडवलं. वास एकदम उठला. सगुणाबाईची मान पदराखाली कलली, पण हात हलले नाहीत.

अर्पिताने बघितलं. डोळे न वळवता, पुस्तकात लिहिल्यासारखं, उजेडात.

"इचार त्यांना," सगुणाबाई म्हणाली, "दुखतं का म्हणावं."

आप्पा तिच्या दोन हातांच्या मधे होते.

"सांग त्यांना," आप्पा म्हणाले, "काही कळत न्हाई."

अर्पिताने एक मोजा काढला, फोन लावला आणि खिडकीत ठेवून आवाज मोठा केला.

"बोल," मैमूना सिस्टर म्हणाल्या.

"तळहाताएवढी आहे. मधे काळी. कडेनं पिवळं, हिरवट, ओलं. खालच्या अंगाला बोटाचं एक पेर आत जातं. हाड दिसत न्हाई."

"ताप?"

तिने कपाळाला हात लावला. "थोडा आहे."

"किती दिवसाची?"

त्या खोलीत सगळ्यांना उत्तर माहीत होतं. तरी ते कोणीतरी म्हणायला हवं होतं.

"दसऱ्याच्या आधी बाबांनी सांगितलं होतं. मी बघते म्हणलं आणि बघितलं न्हाई."

फोनवर कुठेतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज आला. "सलाइनच्या पाण्यानं धू. वरून गॉज ठेव, दाबू नको. पाठीवर आता टेकवायचंच न्हाई, कुशीवरच. उद्या सकाळी गाडी करून त्यांना घेऊन ये, आडवं टाकून. मी सर्जनला बोलून ठेवते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "सोमवारी तू ड्यूटीवर हजर हो. आन् ड्रेस धुऊन घाल."

फोन बंद झाला. पेढ्यांचं कोणी बोललं नाही. अर्पिता मीठ-पाणी उकळून आणायला उठली, मग आठवलं की आधी टेकू दिल्याशिवाय दोघांना तसंच सोडता येत नाही, आणि परत बसली. आप्पांच्या पाठीमागे उशी लावली. उशी पुरेना, म्हणून दारातूनच हात घालून मधल्या घरातला दोन हातांत मावेल तेवढा कापूस ओढला, गोधडीत गुंडाळला आणि जखम मोकळी ठेवून कमरेच्या वर बसवला.

"मीच म्हणलं होतं तिला राहू दे म्हणून," आप्पा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. हे ते कोणाला सांगत होते ते स्पष्ट नव्हतं. "वास मला बी येत होता."

पदराखाली सगुणाबाई हुंदके देत नव्हती, पण काठ ओला झाला होता.

बाहेर आभाळ गडगडलं. शेतात बायका गोण्या झाकायला धावल्या असतील. अर्पिता मोजे बदलत होती.

"त्यांना म्हणावं," आप्पा म्हणाले, "हात अवघडले असतील. सोडा आता."

अर्पिताने तोंड उघडलं. त्याच्या आतच सगुणाबाई म्हणाली, "न्हाई अवघडले. राहू द्या."